झांजा कुठे गेल्या?

३ तारीख, सोमवार

ही म्हणते, सगळं पोटात ठेवून घरभर चिडचिड करत फिरण्यापेक्षा लिहून काढा. ठीक आहे, लिहितो. कोणी वाचणार नसेल तर माझी काय हरकत आहे?

आज क्लबवर मालकांनी जाहीर केलं, महिनाअखेरच्या शनिवारी गावातल्याच पाच रॉक बँडची रात्र करायची. तळघरात खुर्च्या लावायच्या नाहीत, सगळे उभे. आणि पाचातला चौथा बँड आमच्या बारकीचा! एकुलती एक आहे, तरी बारकीच म्हणतो, कारण जन्मली तेव्हा एवढीशी होती. आता माझ्या खांद्याच्या वर गेली आहे आणि रॉक गाते. ज्या स्टेजसमोर मी उभा जन्म साउंडच्या मिक्सरमागे काढला, त्याच स्टेजवर.

मला वाटलं, मालक म्हणतील की लेकीचा आवाज बापाच्या हातात, यापेक्षा काय पाहिजे. तर गृहस्थ टेबलावरची पेन्सिल फिरवत म्हणतात, "तुम्ही त्या दिवशी आरामात बसा ना. पोरीचा कार्यक्रम डोळे भरून बघा. साउंडचं बघू काहीतरी."

"काहीतरी म्हणजे काय?" मी विचारलं. "या तळघरात आवाज कुठल्या खांबावर आपटतो आणि कुठे मरतो, हे त्या काहीतरीला माहीत आहे का?"

ते म्हणाले, "बरं बरं, चिडू नका." चिडलो नव्हतोच मी. लोकांना हल्ली मी चिडलो असंच वाटतं.

घरी आल्यावर बारकीनेही विचारलं, "बाबा, त्या दिवशी तूच करणार ना साउंड?" म्हटलं, मग कोण करणार? तिने मान डोलावली. थोड्या वेळाने परत तेच विचारलं. आनंद झाला असेल, पोरगी बोलून दाखवत नाही.

६ तारीख, गुरुवार

वॉशिंग मशीनवरून भांडण. ही म्हणते, कपडे धुऊन झाले की ती बीप-बीप करते, तुम्ही शेजारी पेपर वाचत बसला होतात, उठून बंद करता येत नाही? मी म्हटलं, बीप झालंच नाही. ती म्हणे, झालं. मी म्हटलं, मग बिघडली असणार, मेकॅनिकला बोलव. मग तिने परत लावून दाखवलं आणि मशीनकडे बोट करून म्हणाली, "आता? आता वाजतंय की नाही?" मी म्हटलं, हां, आता वाजतंय.

वाजत नव्हतं. उगाच वाद कशाला वाढवा.

डाव्या कानात आंघोळीचं पाणी गेल्यासारखं वाटतंय. मळ असेल. थेंब आणले.

९ तारीख, रविवार

कालचा कार्यक्रम बरा झाला. बरा म्हणजे माझ्या मनासारखा नाही. या हल्लीच्या ड्रमवाल्यांना झालंय काय? झांजांना काठी लावतात की गोंजारतात? पूर्वी झांज वाजली की अंगावर काटा यायचा. काल कार्यक्रमाआधीच्या साउंड चेकला मी मिक्सरवरून ओरडलो, "अरे झांजा कुठे गेल्या? घरी ठेवून आलास का?" पोरगा दणादण मारायला लागला, पण नुसती खटखट. चमक म्हणून नाही. शेवटी मीच ट्रेबल, म्हणजे आवाजातली बारीक धार, वर घेतला. त्यांच्या गिटारवाल्याने ड्रमवाल्याकडे बघितलं, ड्रमवाल्याने लाइटवालीकडे. सगळेच एकमेकांकडे बघत होते. कसलीशी मस्करी चालली असावी.

लाइटवालीवर एकदा सविस्तर लिहायला हवं. बाई कामाला वाघ आहे, खोटं कशाला बोलू. आली तेव्हा तिला वायर गुंडाळता येत नव्हती, मी शिकवली. मिक्सरही मीच दाखवला, हौसेने. पण हल्ली तिचं एक नवीनच सुरू झालंय. साउंड चेक संपला की ती स्टेजमागे जाते. तिथे तिचं काही नाही. तिथे फक्त माझं कपाट आहे, ज्यात ॲम्प्लिफायर आणि स्पीकरचा मुख्य कंट्रोल असतो. काल मी विचारलं, "काय गं, मागे काय पुरलंयस?" तर म्हणाली, "काही नाही दादा, वायर बघून आले."

काही नाही म्हणताना माणूस खाली बघत नाही.

१६ तारीख, रविवार

आज दुपारी बारकी माझ्याजवळ येऊन बसली. हे एक तर कधी होत नाही. म्हणाली, "बाबा, माझ्या मैत्रिणीची आई कानांची डॉक्टर आहे. मला एकदा कान तपासून घ्यायचेत. तू चल ना सोबत."

"तुझे? काय होतंय तुला?"

"काही होत नाही रे, सहज. बँडवाले सगळेच तपासतात. गेलोच आहोत तर तुझेही बघतील."

माझे कशाला? मला तिचीच काळजी लागली. एवढ्या लहान वयात! रोज त्या खोलीत ड्रमशेजारी उभी राहून किंचाळते, कानात बोळेसुद्धा घालत नाही. मी रागावलो. म्हटलं, आवाज गेला तर परत येतो, कान गेला की गेला, कळतं का तुला? हे ऐकल्यावर तिचा चेहरा असा झाला की माझं मलाच वाईट वाटलं. तशीच उठून आत गेली. आतून हिचं आणि तिचं काहीतरी कुजबुजणं चाललं होतं. आमच्या घरातल्या बायका हल्ली फार कुजबुजतात.

संध्याकाळी दुकानात जाऊन तिच्यासाठी कानात घालायचे चांगले बोळे आणले. तिने ते हातात घेतले, हसली आणि मग रडायलाच लागली. कार्यक्रमाचं टेन्शन असणार. मीही तिच्या वयात असाच होतो म्हणून डोक्यावर हात फिरवला.

तिचे कान खरंच बिघडले असतील तर? रात्रभर तेच.

२३ तारीख, रविवार

कालही लाइटवाली मागे जाऊन आली. या वेळी मी नीट पाळत ठेवली होती.

मालक तिच्याशी कोपऱ्यात बोलत होते. मी जवळ गेलो तसे दोघे गप्प. म्हणजे माझ्याबद्दलच. माझी खुर्ची तिला द्यायचं घाटत असेल तर सरळ तोंडावर सांगा ना. मी काय भांडणार आहे? भांडेन, पण सांगा तरी.

२५ तारीख, मंगळवार

सापडलं! आज क्लबला सुट्टी. मालकांकडून किल्ली घेऊन एकटाच गेलो. स्टेजमागचं कपाट उघडलं आणि बघतो तर काय, मुख्य कंट्रोलवरचं ट्रेबलचं बटण पार खाली पिळून ठेवलेलं. मी लावून ठेवलेल्या जागेपासून कितीतरी खाली. आता कळलं झांजा कुठे जात होत्या! मी इकडे मिक्सरवर चढवतोय, चढवतोय, आणि ही बया तिकडे उतरवतेय. म्हणजे हॉलमध्ये आवाज मुका व्हावा, लोकांनी म्हणावं म्हाताऱ्याचं काम संपलं, आणि हिने खुर्चीवर बसावं. जिला हाताला धरून शिकवलं तिने हे करावं? अंगाचा नुसता तिळपापड झाला.

बटण होतं तिथे परत आणलं. कोपऱ्यावरच्या दुकानातून कुलूप आणलं, कपाटाला लावलं, किल्ली माझ्या खिशात. शनिवारी बघतोच.

मग माझी नेहमीची रेकॉर्ड लावून पाहिली. प्रत्येक स्पीकर मी याच रेकॉर्डवर तपासत आलोय, त्यातली झांज न् झांज मला पाठ आहे. आता लख्ख यायला हवी होती.

थोडा फरक पडला. पडलाच असणार. बाकी स्पीकर जुने झालेत, त्यांच्याकडून किती अपेक्षा करायची?

अजून एक विचार आला होता. तो लिहीत नाही.

२८ तारीख, शुक्रवार

उद्या. झोप नाही. कानातले थेंब संपले.

३० तारीख, रविवार

जसं झालं तसं लिहितो.

दुपारी लाइटवालीने कुलूप बघितलं. तडक माझ्याकडे आली.

"दादा, कपाटाची किल्ली?"

"कशाला हवी?"

"आत पंखा आहे, धूळ झाली असेल."

"मी पुसलाय."

मग हळू म्हणाली, "दादा, आजच्या दिवस द्या. बारकीसाठी तरी द्या."

लेकीचं नाव काढल्यावर माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "माझ्या पोरीला मध्ये आणू नकोस. तू काय करतेस ते मी बघून आलोय. तुझी शिडी, तुझे लाइट, तिकडे लक्ष दे." तिने तोंड उघडलं, परत मिटलं आणि गेली. बोलली असती तर मी ऐकून घेतलं असतं का? नसतं.

साउंड चेकला आवाज कमीच ठेवतो मी, तेव्हा कोणी काही बोललं नाही. रात्री तळघर भरलं. पहिल्या बँडचे दोस्त, दुसऱ्याच्या बहिणी, कोणाचे ऑफिसवाले. गावातल्या बँडचं असंच असतं, जो तो आपल्या माणसासाठी येतो. ही माझ्या शेजारी स्टूलवर बसली होती. पहिला बँड सुरू झाला आणि पुढची रांग मागे सरकली. मला वाटलं, संकोच करताहेत. नवीन पोरं, पहिलं गाणं, होतं असं. मी आवाजाला आणखी थोडी चमक दिली. तर आणखी मागे. स्टेजपुढे मोकळी जागा पडली आणि लोक भिंतींना चिकटले.

मालक आले. "जरा टोचतंय हो."

"रॉक आहे, अंगाई नाही."

दुसऱ्या बँडच्या गाणाऱ्याने मिक्सरकडे बघून अंगठा खाली केला. आमच्या धंद्यात खुणेचीच भाषा असते. अंगठा वर म्हणजे वाढव, खाली म्हणजे उतरव. मी त्याच्या पायाजवळच्या स्पीकरचा आवाज थोडा उतरवला. त्याने परत अंगठा खाली केला, मग बोटाने कान दाखवला. हल्ली कोणालाच सोसत नाही, मी हिला म्हटलं. तिसऱ्या बँडने दोन गाणी कमी म्हटली आणि वायरी काढायला लागले. मालक परत आले, तोंड हलवून गेले. मला काय म्हणाले ते कळलं नाही आणि मी परत विचारलंही नाही.

खरं सांगायचं तर तेव्हाच माझं धाबं दणाणलं होतं. पण आता बारकीचा नंबर होता. मी घाबरलो की हात चढा लागतो माझा. म्हटलं, हिचा आवाज असा काढतो की अख्खा हॉल गप झाला पाहिजे. सगळी चमक तिला दिली.

तिने पहिली ओळ घेतली आणि तिचे दोन्ही खांदे वर उडाले, कोणी मागून चिमटा काढल्यासारखे. डोळे मिचकावले, पण गात राहिली. तिच्या गिटारवाल्याने अंगठा खाली केला. ड्रमवाल्याची काठी झांजेवर जायची आणि मध्येच थांबायची. त्याने झांजा वाजवणंच सोडून दिलं होतं. हे मी ऐकलं नाही, बघितलं. बेसवाली मुलगी दोन्ही हात वर करून मला खाली, खाली अशी खूण करायला लागली, तेव्हा बारकीने गाता गाता तिचा दंड धरला आणि हात खाली ओढला.

ते बघितलं आणि मी मिक्सरवरचे हात काढून घेतले.

कुठलाही गाणारा मिक्सरवाल्याला खुणा करतो. शिव्यासुद्धा देतो. बारकी लहानपणापासून माझ्याबरोबर इथे आली आहे, तिला सगळ्या खुणा येतात. आणि तिला त्रास होत होता, मला दिसत होतं. गळ्याची शीर ताठ झाली होती. तरी तिने हात वर केला नाही. दुसऱ्यालाही करू दिला नाही. चार लोकांत आपला बाप उघडा पडू नये म्हणून पोरगी ते अंगावर घेत होती.

मी हॉलकडे बघितलं. लोकांनी तळवे कानांवर दाबून धरले होते. ही मात्र हात मांडीवर ठेवून बसली होती. दात घट्ट आवळलेले आणि डोळ्यांतून पाणी. अख्ख्या तळघरात कान न झाकलेल्या दोनच बायका होत्या आणि दोन्ही माझ्या घरच्या.

मी उठलो. लाइटवालीच्या टेबलाशी गेलो आणि किल्ली पुढे केली. तिने ती घेतली नाही. "कपाटापर्यंत जायला वेळ नाही दादा, मिक्सरवरूनच करते," असं ओठांवरून कळलं. पळत जाऊन ती माझ्या जागी उभी राहिली. मी मागोमाग येऊन बाजूला उभा राहिलो. ट्रेबल मी जवळजवळ टोकाला नेऊन ठेवला होता. तिने तो निम्म्याच्याही खाली आणला, बारकीच्या आवाजाचाही, गिटारचाही, सगळ्यांचाच.

मला काहीच फरक ऐकू आला नाही. काडीचासुद्धा नाही.

पण हॉलमधले हात खाली आले. एकेक करत सगळे. भिंतीला चिकटलेले लोक पुढे यायला लागले. बारकीचे खांदे उतरले आणि तिने मिक्सरकडे बघितलं. मी मिक्सरमागे नव्हतो, तर तिची नजर मला शोधत राहिली.

पाचवा बँड झाल्यावर वायरी गुंडाळताना मी लाइटवालीला विचारलं, "केव्हापासून?"

"वर्ष झालं दादा."

"कोणाकोणाला माहीत आहे?"

ती खाली बघून वायर गुंडाळत राहिली, म्हणजे सगळ्यांना. "सांगायचं होतंस की गं," मी म्हटलं.

"कोणत्या तोंडाने सांगू? जे येतं ते तुमच्याकडूनच शिकले." आणि ती रडायला लागली. मी तिला काय काय समजत होतो! माफ कर म्हणालो, पण फार मोठ्याने म्हणालो वाटतं, कारण सगळे वळून बघायला लागले.

घरी येताना तिघांत कोणी बोललं नाही. किंवा बोलले असतील. दारात बारकी माझ्यासमोर आली, तोंडाकडे बघून सावकाश म्हणाली, "बाबा, आता चलशील?"

मंगळवारी मनात आलेला पण न लिहिलेला विचार हाच होता.

४ तारीख, गुरुवार

तपासणी झाली. डॉक्टरीणबाईंनी आधी नळी घालून बघितलं. मळ अजिबात नाही म्हणाल्या. मळ नाही हे ऐकून एवढं वाईट कोणाला वाटलं नसेल.

मग एका लहान बंद खोलीत बसवलं. कानांवर मोठे हेडफोन, हातात एक बटण. काचेपलीकडे एक तरुण मुलगी यंत्र घेऊन बसलेली. म्हणाली, "काका, आवाज आला की दाबायचं. बारीक आला तरी दाबायचं." बाहेरच्या बाकावर ही आणि बारकी. काचेतून त्याही दिसत होत्या. बारकीने मला बघून हात हलवला, शाळेच्या पहिल्या दिवशी मी तिला हलवला होता तसा.

सुरुवातीचे आवाज जाड होते, ते आले. मी दाबत गेलो. मग यायचे थांबले. आणि तेवढ्यात माझ्या लक्षात आलं की ती मुलगी आवाज सोडायची तेव्हा तिचा कोपर किंचित हलायचा. उभा जन्म स्टेजवरच्या लोकांचे हात वाचण्यात गेला, मला दुसरं काय येतं? कोपर हलला की मी दाबायला लागलो. एकही चुकला नाही. ती मुलगी मान डोलवत होती, खूश झाली होती. बाहेर तिचा चेहरा बघून बारकीने हिचा हात घट्ट धरला. दोघी हसत होत्या. कित्येक दिवसांत दोघींना असं हसताना बघितलं नव्हतं.

आणखी थोडा वेळ तसंच दाबत राहिलो असतो तर सुटलो असतो. कागदावर कान ठणठणीत निघाले असते आणि शनिवारी मी परत मिक्सरमागे. पण समोर बारकी बसली होती, आणि त्या रात्री ती स्टेजवर ज्या रीतीने उभी होती ते माझ्या डोळ्यांपुढून जाईना. माझ्यासाठी तिने तसं परत उभं राहावं?

मी हेडफोन काढला. म्हटलं, "बाळ, मी तुझा हात बघून दाबत होतो. पहिल्यापासून घे." तिचा चेहरा पडला. मी उठलो, खुर्ची उचलून उलटी फिरवली आणि काचेकडे पाठ करून बसलो. हेडफोन परत लावला, डोळे मिटले, बटणावर अंगठा ठेवला.

बसलो. वाट बघत राहिलो. मनात म्हटलं, यंत्र परत लावायला वेळ लागत असेल. आणखी थांबलो. मग मला तिचा राग यायला लागला, किती वेळ लावायचा माणसाने? शेवटी राहवेना, तेव्हा मान वळवून विचारलं, "अगं, सुरू करतेस ना?"

ती काचेतून माझ्याकडेच बघत होती. हेडफोनमध्ये तिचा आवाज आला, अगदी हळुवार.

"सुरू आहे काका. केव्हाचं सुरू आहे."